एका खोलीतली तीन टेबलं

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र मागेच मिळालं, उत्तराला मात्र उशीर झाला. गुडघ्याचं वाचून काळजी वाटली. सूनबाई जिना चढू नका म्हणते तर ऐकत जा तिचं. तुमच्या स्वभावाला ते अवघड आहे, मला ठाऊक आहे. पण खालची खोली घ्या आणि तिथूनच सगळ्यांवर हुकूम सोडा. आवाज तुमचा वरपर्यंत पोचतोच.

मी बरी आहे. खोकला गेला. छताचं काम शेवटी करून घेतलं. गवंडी येतो येतो म्हणून आला नाही, आणि आला तो नेमका मी चर्चच्या ऑफिसात असताना. शेजारणीकडे किल्ली होती म्हणून निभावलं.

तुम्ही पत्राच्या शेवटी जे विचारलंय, त्याचं उत्तर आज नको. पुढे कधीतरी लिहीन.

आता बातमी. गेल्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर आमच्या म्हाताऱ्या फादरांनी लोकांना बसून राहायला सांगितलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला तेव्हाच कळलं की काहीतरी जड बोलणार आहेत. म्हणाले, "आपलं वरचं चर्च, बाजारातलं चर्च आणि पुलापलीकडचं चर्च, या तिन्ही पॅरिशची ऑफिसं आता एक होणार. चर्च तिन्ही राहतील. मिस्सा तिन्हीकडे होईल. पण दाखले, नोंदी, लग्नाचे अर्ज, हॉलचं बुकिंग, फोन, हे सगळं एकाच जागी, बाजारातल्या चर्चच्या ऑफिसात."

फादर कमी झालेत, लोकही कमी झालेत, तीन ठिकाणी तीन ऑफिसं चालवणं आता बिशपांना जमत नाही. हे सगळं त्यांनी नीट समजावून सांगितलं. खरं आहे तेही. आमच्याकडे कधी कधी दिवसभरात एकच माणूस येतो आणि तोही पत्ता विचारायला.

मागच्या बाकावरून सुतार उठला. "म्हणजे फादर, माझ्या नातवाचा बाप्तिस्म्याचा दाखला हवा असेल तर मी टेकडी उतरून बाजारात जायचं?"

"हो."

"आणि देव? तो तरी इथेच राहणार ना?"

लोक हसले. फादर हसले नाहीत.

मला काढणार नाहीत. निदान सध्या तरी नाही. मी रोज खाली बाजारात कामाला जायचं. तिथे एक मुलगी आहे, सारखी बोलत असते म्हणून सगळे तिला मैना म्हणतात. हुशार आहे, कॉम्प्युटर तिला पाण्यासारखा येतो. आणि पुलापलीकडच्या ऑफिसातली माणसंही तिथेच येणार.

माणसं कसली, एकच तर आहे तिथे. वन्सं, तुमच्या लक्षात आलंच असेल. तुमचा भाऊ.

आम्ही वेगळे राहायला लागून बारा-तेरा वर्षं झाली. एकाच गावात, मधे फक्त एक पूल. या काळात आमचा संबंध आला तो कागदापुरता. आमच्या पॅरिशची मुलगी, त्यांच्या पॅरिशचा मुलगा, लग्न ठरलं की कागद इकडून तिकडे जायचे. खाकी पाकिटात वर एक चिठ्ठी असायची: "सोबत दाखला जोडला आहे. आपला विश्वासू." खाली सही. नवऱ्याच्या हातचं "आपला विश्वासू" वाचायची मला सवय झाली होती.

आता पाकिटाचीही गरज उरणार नाही. टेबलावरून टेबलावर द्यायचं.

तुम्ही त्यांना काही लिहू नका. मला काय वाटतं, असंही विचारू नका. काम आहे, ते करायचं.

मुलांना आशीर्वाद.

तुमची,
वहिनी


१६ एप्रिल

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुम्ही पाठवलेली शाल मिळाली. रंग छान आहे. इथे आता गरम व्हायला लागलंय, पण ऑफिसात ती उपयोगी पडते. बाजारातल्या ऑफिसची इमारत दगडी आहे, आत कायम गार.

हो, ऑफिस हललं. तुम्ही विचारल्याशिवाय राहणार नाही, म्हणून आधीच सगळं सांगते.

त्याआधी तिन्ही पॅरिशच्या कमिटीची बैठक झाली. नव्या कागदावर तिन्ही चर्चची नावं छापायची, तर पहिलं कोणाचं, यावर माणसं भांडली. वरचं चर्च सगळ्यात जुनं म्हणून आमचे लोक अडून बसले. बाजारातले म्हणाले, जागा आमची, मग नाव आमचं. शेवटी कोणीतरी तोडगा काढला की अक्षरांच्या क्रमाने लावा. मग लक्षात आलं की तिन्ही नावं "संत"नेच सुरू होतात. तुमचा भाऊ तिथे कोपऱ्यात बसून टिपणं घेत होता. तेवढ्यापुरता हसला. मी पाहिलं, आणि लगेच खाली बघितलं.

सामान बांधायला मला आठवडा लागला. नोंदींची पुस्तकं लाकडी पेट्यांत भरली. लोक येऊन दारात उभे राहायचे, आत यायचे नाहीत, जसं कोणाचं घर हलताना बघतात तसे. एक आजी रोज येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीत टेकायच्या. त्यांना काही काम नसायचं. त्या म्हणाल्या, "बाजारात अशी खुर्ची असेल का गं?" मी म्हटलं, "असेल." पण बाजारात जायला त्यांना पाय कुठे आहेत?

म्हातारे फादर आता निवृत्त फादरांच्या घरी राहायला गेले. निघायच्या आदल्या दिवशी मला बोलावून विचारलं, "तू जाशील ना तिथे? की त्याच्यामुळे नको वाटतं?"

"काम आहे फादर. जाईन."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तुमचं लग्न मीच लावलं होतं. तेव्हा वाटलं, माझं काम झालं." एवढं बोलून ते पुस्तकांची खोकी बघायला लागले. मला निरोप नीट घेताच आला नाही.

आता पहिल्या दिवसाचं. तिन्ही पॅरिश आता बाजारातल्या नव्या फादरांकडे आहेत. तरुण आहेत, झपाझप चालतात, झपाझप बोलतात. दुसऱ्या गावाहून नुकतेच बदलून आलेले, त्यामुळे इथलं जुनं काही त्यांना माहीत नाही. त्यात मी कामावर माहेरचं नाव लावते. मी आत गेले तेव्हा तुमचा भाऊ आधीच येऊन बसलेला होता. एका मोठ्या खोलीत तीन टेबलं. मैनाचं दाराजवळ, त्यांचं खिडकीजवळ, माझं मधे. फादर उत्साहात म्हणाले, "या, या, तुमची ओळख करून देतो. हे पुलापलीकडच्या ऑफिसचे. या वरच्या चर्चच्या. तुम्ही दोघं आधी कधी भेटलायत का?"

मैनाच्या हातातलं स्टेपलर खाली पडलं. अख्ख्या गावाला माहीत असलेली गोष्ट, आणि या माणसाला तेवढी माहीत नाही.

तुमचा भाऊ उठून उभा राहिला. म्हणाला, "हो. ओळख आहे."

"अरे वा! मग बरंच पडेल," फादर म्हणाले आणि निघून गेले.

मग मैनाने जाऊन त्यांना सांगितलं असणार. दुपारी ते परत आले ते कानापर्यंत लाल होऊन. माफी मागितली. फार अवघडले होते बिचारे. म्हणाले, "मधे एखादं कपाट उभं करून देऊ का? तुम्हाला दोघांनाही बरं वाटेल."

"नको," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

इतक्या वर्षांत आम्ही एका तोंडाने बोललेला पहिला शब्द. मग दोघंही कामाला लागलो.

ते मला मॅडम म्हणतात. मी सर म्हणते. "मॅडम, हा अर्ज आपल्याकडचा आहे." "सर, शिक्का आपण घेतला का?" मैना आमच्याकडे आळीपाळीने बघते, जसं टेनिस बघतात.

केस बरेच पांढरे झालेत त्यांचे. मागे वळून मोठ्याने शिंकण्याची सवय तशीच आहे. बाकी काही सांगण्यासारखं नाही.

तुमच्या त्या प्रश्नाचं पुन्हा लिहिलंत. वन्सं, थोडं थांबा.

तुमची,
वहिनी


९ जुलै

प्रिय वन्सं,

नमस्कार. आज रविवार आहे, दुपार आहे, घरात मी एकटी आहे आणि हातात वेळ आहे. आज लिहिते.

आधी कामाचं, म्हणजे मला सुरुवात करता येईल. ऑफिस आता रुळलं. पहिले दोन महिने लोक रागावूनच आत यायचे. पुलापलीकडचे मैनाशी बोलायचे नाहीत, वरचे मुद्दाम पुलापलीकडच्यांच्या आधी रांगेत घुसायचे. टेकडीवरची म्हातारी माणसं तर दिसेनाशीच झाली. तुमच्या भावाने फादरांना सुचवलं की आठवड्यातून दोन सकाळी आमच्यापैकी कोणीतरी शिक्का आणि अर्ज घेऊन वरच्या चर्चमध्ये जाऊन बसावं. फादरांनी लगेच मान्य केलं. माझ्या जुन्या जागी आता तुमचा भाऊच जाऊन बसतो. त्या खुर्चीवाल्या आजींना हल्ली नीट दिसत नाही, त्यांनी काही ओळखलं नाही. मला सांगत होत्या, "नवीन माणूस चांगला आहे हो. बोलत नाही, पण ऐकून घेतो." मी काय म्हणणार?

आता ती गोष्ट.

मंगळवारी फादर बिशप हाऊसला मीटिंगला गेले होते. ऑफिसात आम्ही तिघंच. सकाळीच एक माणूस आला, तिशीचा असेल. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. म्हणाला, "अंत्यविधीची वेळ ठरवायचीय." मैनाने अर्ज पुढे ओढला आणि नेहमीसारखं विचारलं, "मयताचं नाव? वय?"

"सहा," तो म्हणाला.

"साठ?"

"नाही. सहा. सहा वर्षांची."

मैनाचं पेन तिथेच थांबलं. खिडकीतून दिसत होतं, बाहेर बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर रिकामी पिशवी धरून. त्याची बायको.

मी झेरॉक्सच्या मशीनजवळ उभी होते.

तुमचा भाऊ उठला. स्वतःची खुर्ची उचलून आणली आणि त्या माणसाच्या समोर नाही, शेजारी ठेवली. अर्ज उलटा करून बाजूला सारला. विचारलं, "नाव काय तिचं?" त्याने सांगितलं. मग विचारलं, "बोलायची का फार?" आणि तो माणूस बोलायला लागला. ती कशी झाडावर चढायची, कशी शाळेत जाताना रोज एक बूट विसरायची, तापाला साधा ताप समजून ते कसे गाफील राहिले. तुमच्या भावाने मधे एक शब्द टाकला नाही. त्याचं सांगून झाल्यावर मग विधीची वेळ, गाणी, फुलं, हे सगळं हळूहळू ठरवलं. एकही गोष्ट त्या माणसाला दोनदा सांगावी लागली नाही.

निघताना तो माणूस म्हणाला, "विधी झाला की दुसऱ्या दिवशी मी कामावर जाणार आहे. घरात बसवत नाही मला."

तुमच्या भावाने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "मी गेलो होतो. आमचं पिल्लू गेलं तेव्हा. दुसऱ्याच दिवशी ऑफिसात जाऊन बसलो. घरात सारखा तिचा आवाज यायचा, आणि ऑफिसात यायचा नाही. बायको एकटी त्या आवाजात बसून राहिली. तुम्ही जाऊ नका."

मी तिथेच होते, चार हातांवर. त्यांना ठाऊक होतं मी आहे ते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

वन्सं, तुम्ही त्या दिवसांत इथे होतात. पिल्लूला मातीत ठेवून आम्ही घरी आलो, आणि सकाळी उठून पाहते तर हे इस्त्रीचा शर्ट घालून कामाला निघालेले. डोळ्यांत पाणी नाही, तोंडात शब्द नाही. तुम्ही त्यांना दारात अडवलंत, आठवतं? ते बाजूने निघून गेले. मग रोज तेच. सकाळी जायचे, अंधार पडल्यावर यायचे. मी रडले की उठून अंगणात जायचे. मला वाटायचं, हा माणूस दगड आहे, आणि दगडाबरोबर एका घरात राहण्यापेक्षा एकटं राहिलेलं बरं. मी बोलून दाखवलं. त्यांनी बॅग भरली. तेही काही न बोलता.

इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यांना काही ऐकूच येत नाही.

मी पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर त्या बाईकडे गेले. तिने पाणी घेतलं नाही. माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. नवरा बाहेर आला तेव्हा ती उठली आणि दोघं गेली.

मी आत आले. मैना टेबलावर डोकं ठेवून रडत होती. तुमच्या भावाने खुर्ची परत जागेवर ठेवली, खिडकी उघडली, बंद केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, झेरॉक्सचा कागद संपलाय."

"कपाटात आहे," मी म्हटलं.

त्या दिवशी एवढंच बोललो आम्ही.

विधीला आम्ही दोघंही गेलो. ऑफिस बंद ठेवलं. फादर स्वतःच म्हणाले. दफनभूमी तिन्ही पॅरिशची एकच, तुम्हाला माहीत आहेच. लोक पांगले तेव्हा आम्ही फाटकाकडे निघालो, आणि कसं कोण जाणे, फाटक डावीकडे राहिलं आणि आम्ही उजवीकडच्या कोपऱ्यात जाऊन पोचलो. पिल्लूपाशी.

तर वन्सं, तुम्ही विचारत होतात ना, ती गेली त्या तारखेला यंदा तरी दोघं मिळून गेलात का? नाही गेलो. कधीच गेलो नव्हतो. मी सकाळी जायचे. दुसऱ्या दिवशी पाहावं तर माझ्या फुलांवर त्यांनी ठेवलेली दुसरी फुलं असायची. इतकी वर्षं आम्ही एकमेकांची वेळ टाळून तिला भेटत होतो, दाखले पाठवावेत तसे. मंगळवारनंतरच्या त्या गुरुवारी पहिल्यांदा तिच्यापाशी दोघं एका वेळी उभे राहिलो. त्यांनी वाळलेलं गवत उपटलं. मी दगडावरची माती पुसली. हातांना काम होतं म्हणून बरं.

फाटकापाशी ते म्हणाले, "सांभाळून जा." मॅडम म्हणाले नाहीत.

हे कोणाला दाखवू नका. सूनबाईलाही नको.

तुमची,
वहिनी


२२ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

नमस्कार. इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावला असाल. रागवा, हक्क आहे तुमचा. पण लिहिण्यासारखं काही पक्कं होईपर्यंत लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं.

गेल्या महिन्यात नव्या फादरांनी आम्हा तिघांना बोलावलं. बसा म्हणाले आणि स्वतः उभेच राहिले. बिशप हाऊसचा निर्णय आला होता: ऑफिस एक झालं, तर नव्या वर्षापासून माणसंही दोनच. तिसरी जागा बंद. "मी भांडलो," फादर म्हणाले, "पण मला यश आलं नाही. कोण राहील हे मी ठरवायचं आहे, आणि खरं सांगतो, मला ते ठरवता येत नाही. मला थोडे दिवस द्या."

मैनाचा चेहरा उतरला. तिचं मूल दीड वर्षाचं आहे, नवऱ्याचं काम कधी असतं, कधी नसतं. त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही. ऑफिस इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं.

मी घरी जाऊन विचार केला. मनाशी म्हटलं, आपणच जावं. माझ्या एकटीचं कसंही भागेल. सकाळी जरा लवकर गेले, फादरांना गाठून सांगावं म्हणून. तर फादरांच्या टेबलावर कागद आधीच पडलेला. तुमच्या भावाचा राजीनामा. आदल्या संध्याकाळीच देऊन गेले होते.

वन्सं, माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! फादरांना काही न बोलता मी बाहेर आले. ते नेहमीप्रमाणे पायऱ्यांजवळ सायकल लावत होते.

"पुन्हा?" मी म्हटलं.

"काय पुन्हा?"

"पुन्हा न बोलता निघून जाणं. एकदा घरातून गेलात, आता इथून."

ते गडबडले. "तुझी जागा राहावी म्हणून—"

"मी मागितली होती? मला विचारलंत? शेजारच्या टेबलावर बसते मी. हात लांब केला तर पोचेल तुमच्यापर्यंत."

"मैनाला लहान मूल आहे. तुझी अजून बरीच वर्षं आहेत. मी असाही दोन-तीन वर्षांत निवृत्त होणार. सरळ हिशेब आहे."

"हिशेब नको मला. बोलणं हवं. चुकीचं बोला, वेडंवाकडं बोला, पण माझ्याशी बोला."

बाजार उघडत होता. फुलवाली, किराणावाला, सगळे आमच्याकडे बघत होते. बघू देत. ते सायकल तशीच सोडून पायरीवर बसले. मीही बसले, मधे थोडी जागा ठेवून.

मग ते म्हणाले, "लोकांशी येतं मला बोलता. ऑफिसात येणाऱ्यांशी. तुझ्याशी तोंड उघडलं की वाटतं, जे बोलायला हवं होतं ते तेव्हाच बोलायचं होतं. आता उशीर झाला. मग बाकीचं काय बोलायचं?"

"मीही तेव्हा 'जा'शिवाय काही बोलले नव्हते," मी म्हटलं. "उशीर दोघांचाही झाला. तरी मी आले ना विचारायला?"

ते मान खाली घालून बसले. त्यांच्या खांद्यांकडे पाहून मला कळलं. वन्सं, तुमचा भाऊ रडत होता. बाजारात, पायरीवर, सगळ्यांसमोर. तेव्हा नाही, तर आता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

मग आम्ही तिथेच बसून ठरवलं. तिन्ही पर्याय बोलून पाहिले. ते जावेत, मी जावं, मैनाने जावं. यातला एकही मनाला पटेना. शेवटी मीच म्हटलं, एक जागा दोघांनी अर्धी-अर्धी घेतली तर? ते म्हणाले, "चालेल का त्यांना?" मी म्हटलं, "विचारल्याशिवाय कसं कळणार?" मग दोघं मिळून आत गेलो.

फादरांनी ऐकून घेतलं. कागद पुढे घेऊन आकडेमोड केली, डोकं खाजवलं. "म्हणजे मैना पूर्ण दिवस. तुमच्यापैकी एक सकाळी, एक दुपारी. हं. जमू शकतं. बिशप हाऊसला माणसं दोनच दिसतील." मग त्यांचा चेहरा पडला. तरुण असले तरी मनाने फार चांगले आहेत ते. म्हणाले, "पण मग ऑफिसात तुम्ही दोघं एका वेळी कधीच नसाल. आत्ता कुठे तुम्ही..."

"घरी असू," तुमचा भाऊ म्हणाला.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हे आमचं पायरीवर ठरलं नव्हतं. हेही मला न विचारताच! पण या वेळी मी काही बोलले नाही. फादरांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी मान हलवली.

राजीनाम्याचा कागद फादरांनी फाडला. बाहेर मैना दाराला कान लावून होती. दार उघडलं तेव्हा जवळजवळ आतच पडली, आणि तेव्हापासून तिची बडबड जी सुरू झाली आहे ती आजतागायत थांबलेली नाही.

मागच्या शनिवारी ते आले. भाड्याच्या खोलीतलं सामान फारसं नव्हतं. दोन बॅगा, रेडिओ, एक कुंडी. दारात थांबले, पायपुसण्यावर बराच वेळ पाय पुसत राहिले. मी म्हटलं, "पुरे, झिजेल ते." मग आत आले.

सगळं गोड झालं असं समजू नका. सवयी मोडल्यात दोघांच्याही. मी खिडकी उघडते, ते लावतात. काय बोलावं ते न कळून आम्ही भाजीच्या भावावर फार बोलतो. पहिल्या दिवशी जेवताना दोघंही खाली मान घालून जेवत होतो. मग मी पिल्लूचं नाव घेतलं. तिचं खरं नाव, या घरात इतकी वर्षं कोणी न घेतलेलं. कशाला घेतलं मलाही माहीत नाही. त्यांचा हात थांबला. मला वाटलं, आता उठतील आणि अंगणात जातील.

उठले नाहीत. म्हणाले, "दुधावर साय आली की ओरडायची."

"बोटाने काढून तुमच्या कपात टाकायची," मी म्हटलं.

"मला पण साय आवडत नव्हती. तिला कधी सांगितलं नाही."

मी हसले. मग रडले. ते समोरच बसून राहिले. जेवण गार झालं, पण दोघांपैकी कोणीही उठलं नाही.

वन्सं, हे सगळं तुम्हाला फोनवर सांगता आलं असतं, पण माझा आवाज टिकला नसता. गुडघा जरा बरा झाला की इकडे या. खालचीच खोली आहे, जिना नाही. तुमच्या भावाला तुम्ही दारात अडवलं होतं ते अजून बोचतं. काल मला म्हणाले. तुम्ही आलात की ते तुम्हालाही काही सांगतील असं वाटतं. नाही सांगितलं तर तुम्ही विचारा. विचारलं की बोलतात आता.

पत्र मिटण्याआधी त्यांना विचारलं, बहिणीला काही लिहायचंय का? त्यांनी पेन हातात घेतलं, बराच वेळ कागदाकडे पाहिलं, आणि परत माझ्याकडे दिलं. म्हणाले, "तूच लिही. दोघांकडून."

म्हणून लिहिते.

आम्हा दोघांचा नमस्कार.